आजपासून उतार

प्रिय अहो,

‘प्रिय’ लिहिलं आणि पुढे तुमचं नाव काही लिहवेना. एकोणीस वर्षं ‘अहो’च म्हटलं, आता शेवटी तरी कशाला बदलू? हसू नका.

आज सकाळी मनमाडच्या त्या रिटायर्ड गार्डकाकांनी तुमच्या ‘काज-बटण’ ब्लॉगवर पुन्हा विचारलंय, “मास्टर, तापाला उतार पडला ना? बरेच दिवस काही लिहिलं नाहीत.” तुम्हाला जाऊन दीड महिना होत आला आणि त्यांना पत्ताच नाही. सायली म्हणाली, आई, आता लोकांना सांगायला हवं, किती दिवस त्यांना वाट बघायला लावायची? सांगणार आहे. पण त्याआधी तुमच्याशी बोलायचंय, कारण त्यातला एक शब्द मला अजून सुटलेला नाही.

टेरिटोरियल आर्मीचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी काय कमी बोलले होते? कॅम्पाच्या बाजारात बसून इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वर्द्या शिवल्या, तेवढ्याने मन भरलं नाही? तुम्ही शांतपणे म्हणालात, दुकान सुटत नाही, घर सुटत नाही, बोलावतील तेव्हा जायचं आणि परत येऊन मशीनवर बसायचं. अर्धवेळ फौजी! स्वतःची वर्दी मात्र तीनदा उसवलीत आणि तीनदा शिवलीत. गिऱ्हाइकाच्या कपड्याला कधी एवढा जीव लावला नव्हता.

बोलावणं आलं, तुम्ही निघालात, तेव्हा लिहिण्याचं खूळ सायलीने काढलं. बाबा, रोज चार ओळी टाका, म्हणजे आम्हाला कळेल, असं म्हणून तिनेच ते सगळं मोबाइलवर उघडून दिलं. साहेबांनी तुम्हाला बजावलं होतं, गाव नको, पलटण नको, नंबर नको, फोटो तर नकोच. मग उरलं काय लिहायला? डाळ! डाळ शिजत नाही, मोजे वाळत नाहीत, थंडीने बोटं इतकी आखडतात की सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला बोलवावं लागतं. कुणाच्या कोटाचं बटण कुठे तुटलं, याच्यावर तुम्ही पानभर लिहायचात आणि लोक आवडीने वाचायचे. रेंज मिळाली की तीन-तीन दिवसांचं एकदम यायचं. मी सकाळी दुकानाचं शटर उघडलं की आधी ते वाचायची, मग देवाला उदबत्ती लावायची. उलटं करायला हवं होतं, कळतं मला.

पण एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. फोनवर मला कायम ‘सगळं ठीक’, आणि तुमचा गुडघा सुजलाय हे मला कळावं कुठून, तर ‘काज-बटण’वरून? मी भांडले तेव्हा काय म्हणालात, आठवतं? “तुला सांगितलं की तू जेवत नाहीस. ते लोक नुसतं वाचतात.” मी हसले आणि फोन ठेवला. तेव्हाच नीट भांडायला हवं होतं.

मग तो आठवडा आला. एके दिवशी तुम्ही लिहिलंत, अंगात कणकण आहे. दुसऱ्या दिवशी लिहिलंत, ताप भरलाय, तरी दोन कोटांची काजं केली. तिसऱ्या दिवशी फक्त दोन शब्द. “आजपासून उतार.”

मी ते काउंटरवर उभी राहून वाचलं आणि इतकं हलकं वाटलं मला! शेजारी भाजीच्या गाड्यावरच्या मावशी रोज तुमची चौकशी करायच्या. त्यांना ओरडून सांगितलं, ह्यांच्या तापाला उतार पडला. “लय बरं झालं गं पोरी,” म्हणाल्या आणि मेथीची जुडी हातात कोंबली. मी तुमच्या त्या दोन शब्दांखाली लिहिलं, “बरं झालं! आता गुपचूप पडून राहा.” गार्डकाकांनी त्याच्याखाली हात जोडले.

दुपारी फोन करावा म्हणून मोबाइल हातात घेतला होता. नंबरसुद्धा काढला. मग वाटलं, दोन दिवसांच्या तापाने थकले असतील, आता कुठे डोळा लागला असेल, झोपू द्यावं. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. शाळेचे गणवेश द्यायचे होते, दिवसभर मशीनवर होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडून फोन आला, पण तो तुमचा नव्हता.

तेरावं झाल्यावर तुमची पेटी घेऊन सुभेदार आले. साताऱ्याकडचे आहेत, मोठा भला माणूस. चहा घेताना त्यांना सहज म्हटलं, ताप उतरला होता हो, मग असं कसं झालं? त्यांनी कप खाली ठेवला. “कोण म्हणालं उतरला? वहिनी, वर त्यांना श्वास पुरंना, म्हणून सकाळीच खाली दवाखान्यात न्यायचं ठरलं. म्हणाले, घरी एवढं लिहितो आणि निघतो.”

डोंगराचा उतार! तुम्हाला खाली उतरवत होते, आणि मी इकडे मेथी निवडत बसले.

सायलीने नंतर मागचं काढून दाखवलं. तिकडे जाताना तुम्ही “आजपासून चढ” असं लिहिलं होतं. गावाचं नाव लिहायचं नाही म्हणून चढ, म्हणून उतार. इतकं साधं होतं. पण अहो, आधीच्या दिवशी ताप लिहिलात, मग उतार. हे वाचून मी काय समजेन, हे तुम्हाला कळलं नसेल? मला कळावं म्हणून लिहिलंत, की कळू नये म्हणून? तुम्ही काही वेंधळे नव्हता, टाका कुठे दिसायला नको ते तुम्हाला बरोबर ठाऊक असायचं. रोज मनात एकदा असा निकाल लागतो, एकदा तसा. विचारू कुणाला?

सुभेदारांना मी शेवटी तेही विचारलं, खाली रेंज होती का? होती. दीड दिवस तुम्ही शुद्धीवर होता, मोबाइल उशाशी होता. मग का नाही केला फोन? ते म्हणाले, “आम्ही म्हटलं, लावून देतो. तर म्हणाले, नको, ती दुकानात असंल, घाबरंल. तिचा आला की बोलतो.”

तुम्ही माझ्या फोनची वाट बघत होता आणि मी तुम्हाला झोपू देत होते. आता या गोष्टीचं मी काय करू? सायली समजावते, आई, फोनने काही फुफ्फुसातलं पाणी कमी झालं नसतं. खरं आहे. पण आवाज आला असता ना कानावर? तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणाला असतात आणि मला त्या धापेवरून कळलं असतं. खोटं तर खोटं, पण तुमच्या तोंडून ऐकलं असतं. कापड चुकून कापलं गेलं तर जोड लावून देता येतो, इथे मला काहीच करता येत नाही.

सायली म्हणते, ती ‘बरं झालं’वाली कमेंट पुसून टाकू, एक बटण दाबायचं फक्त. मी नको म्हटलं. तुमचे शेवटचे दोन शब्द आणि त्याखाली माझा वेडेपणा, दोन्ही राहू दे. आज त्याच्याखाली मी खरं काय ते लिहीन, आणि गार्डकाकांना आधी स्वतः फोन करून सांगेन, त्यांना ते वाचून कळू नये.

आणि तुम्हाला एक वचन देते. आता पुढच्या महिन्यात सायली पुण्याला शिकायला जाईल. रोज मेसेज टाकेल, मी मजेत आहे म्हणून. तो वाचला, तरी मी फोन करीन. ती चिडेल, म्हणेल, आई, आत्ताच तर कळवलं ना, झोपले होते मी. चिडू दे. मी झोपमोड करीन.

तुमची,
वंदना