खांबाचं बूड हालते, साहेब

सखारामचे बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि पत्र आज सांगते आहे. लिहितो आहे आपला नातू दिगंबर. म्हणतो, "आजी, शुद्ध लिहितो." मी म्हटलं, "लिही बापा शुद्ध, पण माहे टोमणे धुऊ नको."

आजच का? कारण काल तुमचा टाकीवाला साहेब आपल्या ओट्यावर येऊन बसला होता. हो, तोच! बसायला मी पोतं टाकलं. चहा दिला, साखर विसरले. विसरले कसली, मुद्दामच.

आता तो रिटायर झालाय. साखरखेर्ड्याला बाजाराच्या अंगानं प्लॉट घेतलाय, घर बांधायचंय. पण आसपासचा एकही मिस्त्री कामावर यायला तयार नाही. सगळ्यांचं एकच उत्तर: "आधी त्या म्हातारीले विचारून या." ऐकताय ना? तुमच्या मागं तुमची जात, म्हणजे थापीवाल्यांची जात, इतकी पक्की निघाली! मग काय, टोपी हातात घेऊन आला आपल्या सखारामला पाया भरायला मागायला.

आठवतं का सगळं? महाराष्ट्र नवा होता, गावची पाण्याची टाकी नवी होती, ती बांधणाऱ्या इंजिनेर साहेबाची हॅटही नवी होती. नाल्याकाठच्या काळ्या वावरात चार खांब उभे करायचे होते. तुम्ही हात जोडून म्हणालात, "काळी भुई हाये. पावसात फुगते, उन्हात फाटते. नाल्याकडच्या खांबाचं बूड हालते, साहेब. मुरूम लागेस्तोवर खोदू द्या." त्यानं नकाशावर थाप मारली. "मिस्त्री, हिशेबात चारही बुडं पक्की धरली आहेत. हलतील कशी?"

जणू भुईला हुकूमच गेला होता! सगळे हसले. तुम्हीही हसलात. का हसलात हो? ते हसू मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात नाल्याकडच्या खांबाच्या माथ्याला तिरपी चीर गेली. गाव जमलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं." आणि तुम्ही? तोंडातून शब्द नाही! पहाटे जाऊन खांबाला ओळंबा सोडून पाहिलात. दोन बोटं कलला होता. ते सांगितलंत कुणाला, तर मला! मी काय सरकारी गॅझेट होते? घरी येऊन ओळंबा खुंटीला टांगलात तो टांगलातच. उरलेलं आयुष्य लोकांच्या विहिरीवर दगड वाहिलेत. बाजारातून जाताना पोरं "सिमेंट, सिमेंट" ओरडायची आणि तुम्ही मान खाली घालायचात. मी बोलत होते, खूप बोलत होते. ऐकणारी आपली एक म्हैस.

आता ऐका. दिगंबर मुंबईच्या कॉलेजात इंजिनेरी शिकवतो. तिथं खोलीएवढं मशीन आहे. भोकं पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा त्याला खाऊ घालायचा. दिवाळीला आला तो धोतराएवढा लांब कागद घेऊन. स्वतः मापं घेऊन आपली टाकी त्यानं मशीनमध्ये घातली होती! मशीन म्हणे टाकीचे मनातल्या मनात बारीक तुकडे करतं आणि एकेकाला विचारतं, तुझ्यावर भार किती? पण टाकी कुठं घट्ट धरली आहे, कुठं मोकळी आहे, ते माणसानंच सांगायचं. ते खोटं सांगितलं, तर मशीनही मन लावून खोटंच बोलतं.

"मंग काय निघालं?" मी विचारलं.

"काहीच नाही आजी. टाकी ठणठणीत दिसते."

"बुडाचं काय सांगितलं त्याले?"

"चारही पक्की. सगळेच तसं धरतात."

"मंग तू बी साहेबच झाला म्हन की बे!"

पोरानं कागद पुन्हा पसरला. मग त्यानं मला कागदावर दाखवलं. उभी काडी म्हणजे एक, म्हणजे घट्ट; बांगडी म्हणजे शून्य, म्हणजे मोकळं. अख्ख्या जन्मात दोन खुणा शिकले, त्या या. मी म्हटलं, "नाल्याकडच्या खांबाच्या काड्या काढ, तिथं बांगड्या भर. अन् मशीनले सांग, तुह्या आजोबानं ओळंबा सोडला होता. दोन बोटं."

या खेपेला नवा कागद आला. सगळ्यात मोठा आकडा कुठं? नाल्याकडच्या खांबाच्या माथ्याला. जिथं चीर गेली तिथंच! सिमेंट पुरेपूर धरूनही तिथंच! त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्या फोटोसमोर रडले नाही, नाचले.

तर काल तो कागद मी साहेबासमोर पसरला. "वाचा साहेब, मले अक्षर येत नाही." त्यानं चष्मा लावला. बराच वेळ वाचत बसला. मग पुटपुटला, "बूड मोकळं धरायला हवं होतं."

"मोठ्यानं बोला. कानाले कमी आयकू येते."

माझे कान मांजराचे आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. तीनदा बोलायला लावलं.

"बाई, आता तुम्हाला काय पाहिजे?" तो म्हणाला. मी खुंटीवरचा ओळंबा काढून त्याच्या हातात दिला. बाजाराच्या दिवशी, सगळ्या मिस्त्र्यांसमोर, पहिला दगड बसायच्या आधी, त्यानं स्वतः खड्ड्यात उतरून तो सोडायचा आणि तुमचं नाव घेऊन सांगायचं की मिस्त्री खरा होता, खोटा मी होतो.  त्यानं होकाराची मान हलवली.

तो गेल्यावर सखाराम दातओठ खात म्हणाला, "माय, असा पाया भरतो की पहिल्याच उन्हाळ्यात घर फाटलं पाहिजे."

"खबरदार!" मी म्हटलं. "मुरूम लागेस्तोवर खोद. बापानं सांगितलं होतं तसंच भर. पडक्या भिंतीखाली माणूस एकदाच मरते रे. पक्क्या घरात त्याले रोज सकाळी उठा लागन, अन् भिंतीले चीर काऊन नाही ते आठवा लागन."

तेव्हा वचन देते. त्या घराला चीर जाणार नाही. तो जगेल तितके दिवस तुमच्या शब्दावर झोपेल. आणि तुमचं नाव मी जन्मात तोंडानं घेतलं नाही, आताही घेणार नाही. खड्ड्याच्या काठावर बसून ते त्याच्याच तोंडून ऐकणार आहे. आणि पहिल्या खेपेला मला ऐकू येणार नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही.

तुमची,
सखारामची आई
(डाव्या हाताचा अंगठा)