ओल्या भिंतीवरचा पहिला हात

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. घरमालकांची माफी माग, नाहीतर सोमवारपासून कामावर येऊ नकोस, म्हणतोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. माफी मागणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे उगाच आशेने वाचत बसायला नको.

तिथे काय झालं ते तू पाहिलंच नाहीस. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी जुनी सवय! रंग निवडायलाच आम्हाला चार दिवस लागले. मालकांना पांढरा हवा होता, मालकीणबाईंना फिका हिरवा. कार्डावरचा रंग भिंतीवर भलताच दिसतो, म्हणून मी खिडकीजवळ फळ्यावर तीन हिरवे लावून ठेवले आणि सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर, तिन्ही वेळा बघायला सांगितलं. बाई खुर्ची घेऊन फळ्यासमोर बसल्या, भाजीसुद्धा तिथेच निवडली. मालक शेवटी म्हणाले, हिरवा तर हिरवा, पण पाहुणे यायच्या आत झाला पाहिजे.

अडलं ते इथेच. गिलावा जेमतेम दोन आठवड्यांचा होता. मी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवला, तर दुसऱ्या दिवशी आतून थेंब जमलेले, म्हणजे भिंत अजून ओलीच. महिनाभर थांबायचं, मग पहिला हात पाणी घालून पातळ, भिंत तो पिऊन घेईल, तो वाळला की पुढचे दोन. हे मी मालकांना सांगितलं, तुला सांगितलं. तू हो म्हणालास. आणि मी दोन दिवस दुसऱ्या कामावर गेले, तेवढ्यात माणसं पाठवून जाड रंगाचे दोन हात मारून घेतलेस. वा रे तुझं हो!

परत आले तर भिंती चकचकीत. खिडकीखाली अंगठा दाबला, तर रंग सायीसारखा सुरकुतला. मग मी खरवडायची पट्टी घेतली आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही खोल्या खरवडून काढल्या. हो, न विचारता. मालक ओरडत होते, मी खरवडत होते. पुन्हा तशी वेळ आली तरी तेच करीन.

तुला कळवलं, तर तू मालकांना काय सांगितलंस? बहिणीनेच घाई केली, आता अंगाशी आल्यावर सारवासारव करते आहे. दादा, हे ऐकून मला राग आला, पण नवल वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी त्या शाळेच्या सभागृहात काय झालं, ते आपण कधी बोललोच नाही. काम आबांचं होतं, पण ते चार दिवस तापाने अंथरुणात होते. ओल्या भिंतीला रंग तू लावलास, बादल्या मी उचलल्या. महिन्याभरात पोपडे मुलांच्या डोक्यावर पडायला लागले आणि गावभर झालं, म्हाताऱ्याचा हात गेला. आबांनी एका शब्दानेही नाकारलं नाही. तू गप्प, मी गप्प. त्यानंतर त्यांनी ब्रश हातात धरला नाही. माझ्या त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते. तुझं तू बघ.

आता हे पत्र का, ते ऐक. काल मी त्या घरी गेले, तर आबा माझ्याआधी तिथे पोचलेले. मालकांसमोर हात जोडून उभे. सांगत होते, पोरीचं काही चुकलं नाही, शिकवण माझी, दोष माझा. दादा, पुन्हा तेच! मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि मालकांना स्पष्ट सांगितलं, रंग माझ्या भावाने लावला, शाळेतलाही त्यानेच लावला होता, आणि माझ्या बापाचा हात कुठेही गेलेला नाही. आबा मला गप्प हो म्हणून सांगत राहिले, मी झाले नाही. मालक भिंतीला बोट लावून बघायला लागले. बाईच म्हणाल्या, भिंत वाळू दे, पाहुणे येतील पुढच्या वेळी. भिंती वाळल्या की पहिला हात आबा मारणार आहेत. तुला यायचं असेल तर ये, पण आधी त्यांच्यासमोर उभा राहून मालकांना खरं सांग, मगच ब्रशला हात लाव.

तुझीच,
बुटकी