दादाची जीप आणि माझ्या सुधारणा

२ मे १९७५
शाळेला सुटी लागली. आजपासून दादाची जीप हातात घेतली. मिलिटरीच्या लिलावातली, स्टिअरिंग डाव्या बाजूला, वय माझ्या नोकरीच्या दुप्पट. गेल्या श्रावणापासून गोठ्यात उभी होती. आत कोंबड्या राहत होत्या. त्यांना हाकललं.
उद्दिष्ट: श्रावणात दादाचं वर्षश्राद्ध आहे. दादाच्या समाधीचा ओटा ओढ्यापलीकडच्या आमच्या रानात. मनकर्णावहिनींना जीपमधून, पायाला चिखल न लागता, ओट्यापर्यंत न्यायचं. वर्षभर त्या जीपकडे बघतसुद्धा नाहीत. एकदा ओढा पार केला की बघतील.
गेल्या वर्षी त्याच ओढ्यात गाडी रुतली. दादाच्या छातीत दुखत होतं, गंगाखेडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. चालवत मी होतो. दोष काळ्या मातीचा. एकदा लिहून ठेवलं, पुन्हा लिहिणार नाही.

४ मे
गंगाखेडहून नागनाथ मिस्त्री आला. गाडीखाली शिरला आणि नको तोच प्रश्न पहिला विचारला. गुरुजी, पुढचा शाफ्ट कुठं हाय? म्हटलं, असेल कुठेतरी. तो म्हणाला, त्याच्याबिगर पुढच्या चाकाला जोर जात न्हाई, गाडी नुसती नावाची फोर व्हील हाय. मी विज्ञान शिकवतो. मला शाफ्ट समजावून सांगायची गरज नाही. म्हटलं, आधी टायरचं बघू.
शाफ्ट माळ्यावर आहे, पोत्यात. गेल्या उन्हाळ्यात मीच काढला. पेट्रोल महागलं होतं, आणि पुढची चाकं मोकळी फिरली की पेट्रोल कमी जळतं. पालम गावात आणखी दोघांनी काढले होते. दादा तेव्हा लग्नाला बाहेरगावी होता. आल्यावर सांगायचं राहून गेलं.

११ मे
मागे ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर बसवले. ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून मडगार्ड कापले. ही म्हणाली, गाडी हाय का रणगाडा. कौतुक समजून घेतलं.

१५ मे
गाडी उजवीकडे झुकते. उजव्या सीटवर त्या दिवशी दादा बसला होता. आता सीट रिकामी, तरी झुकते. कारण उघड आहे, स्प्रिंगचे पाटे थकलेत. नागनाथकडून त्या बाजूला एक पाटा वाढवून घेतला.

१६ मे
अजून झुकते. नागनाथनं दोरी लावून मापलं. म्हणाला, एकदम सरळ हाय, गुरुजी. हिनंही बघितलं, सरळच म्हणाली. प्रत्येकाची नजर वेगळी असते, हे मी दरवर्षी सातवीला शिकवतो.

२३ मे, सकाळी
ट्रायल. ओढा पार, एका दमात. शाफ्टशिवाय! ओढा कोरडा होता, पण तत्त्व सिद्ध झालं.
परतताना ओढ्यात हॉर्न आपोआप वाजला. शॉर्ट सर्किट. शिवाय विडीचा वास. मी विडी ओढत नाही. दादा ओढायचा. सीटच्या काथ्यात वास मुरतो, त्यात काही विशेष नाही. सीट उन्हात टाकली.

२६ मे
तीन दिवस ऊन खाऊनही वास तसाच. निश्चय केला, सीट बदलून टाकायची. दुपारी बघतो तर वहिनींनी अंगणातली सीट पदरानं पुसून ओसरीवर आणून ठेवली होती. सीट तीच राहील.

२९ जून
पाऊस बरा झालाय. ट्रायल क्रमांक दोन. रुतली. त्याच जागी. चुलत्याच्या बैलांनी ओढून काढली. ही ट्रायल ग्राह्य नाही, टायरमध्ये हवा जास्त होती.

८ जुलै
सातवीला घर्षण शिकवत होतो. फळ्यावर जीप काढली. मागची चाकं काढली, पुढची काढायला गेलो आणि खडू खाली ठेवला.
त्या दिवशी दादानंच हात लांबवून फोर व्हीलची लाल मुठीची दांडी ओढली होती. पुढची चाकं जागची हलली नाहीत. दादानं माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग बैलगाडी आणली, वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. सडक लागायच्या आत तो गेला.
मुलांना म्हटलं, डोकं दुखतंय. तास सोडला. त्याची ती नजर मला सोडत नाही.

३ ऑगस्ट
आजवरच्या सुधारणा: टायर, पाटे, चाकांना साखळ्या, पुढे रुळाच्या तुकड्याचा बंपर, सायलेन्सर वर टपापर्यंत नेला. आता ही गाडी गोदावरीतसुद्धा अडणार नाही. नागनाथ म्हणाला, सगळं झालं गुरुजी, आता तेवढा शाफ्ट.
तो गेल्यावर शिडी लावून माळ्यावर चढलो. पोतं होतं. पण तोंडाशी गाठ माझी नव्हती. मी एकेरी मारतो, ही दुहेरी होती. उंदरांचा फार सुळसुळाट झालाय. उतरलो.

२१ ऑगस्ट
वहिनींना विचारलं, उद्या जीपमधून येणार ना? त्या म्हणाल्या, तुमची तयारी झाली असंल तर येते. म्हटलं, शंभर टक्के.

२२ ऑगस्ट
वहिनी उजव्या सीटवर बसल्या, नैवेद्याचं ताट मांडीवर. ओढ्यात गाडी रुतली. त्याच जागी. साखळ्यांनी चिखल माझ्या चष्म्यापर्यंत उडवला. मी काळ्या मातीविषयी बोलायला लागलो.
वहिनींनी हात लांबवला आणि लाल मुठीची दांडी ओढली. पुढची चाकं हलली नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मग सावकाश म्हणाल्या, भावजी, दिवाळीला माळा झाडताना ते पोतं म्या सोडून बघितलं अन् परत बांधून ठिवलं. तुमच्या दादानं बैलगाडीतच सांगितलं हुतं, धाकट्याला काई इचारू नको, त्याचा तो सांगंल. म्या वरीसभर वाट बघायले.
ताट डोक्यावर घेतलं, लुगडं वर खोचलं आणि चिखलातून चालत पलीकडे गेल्या. मी गाडीतच बसून होतो. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तोवर त्या लांब गेल्या होत्या.

२३ ऑगस्ट
माळ्यावरून शाफ्ट खाली आणला. वहिनी ओसरीवर होत्या. त्यांना सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. त्या ज्वारी निवडत ऐकत होत्या.
बैलांनी गाडी ओढ्यातून काढली, नागनाथला बोलावलं. शाफ्ट बसवायला वीस मिनिटं लागली.