घर, शिलाई मशीन आणि 'ह्यां'च्या नावावरचा संघ

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय पडदे शिवणे (गुडघ्यांमुळे बंद), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि धाकही दाखवलेला नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते, पण माझ्याकडे त्याचा डॉक्टरी दाखलाही आहे. तो का काढावा लागला ते कलम चारमध्ये येईल. माझ्या दिवंगत पतींचा उल्लेख यापुढे 'हे' असा, म्हणजे आयुष्यभर केला तसाच, केला आहे.

कलम १. राहत्या घराचा खालचा मजला मुलीला आणि वरचा मुलाला देण्यात यावा. जिना दोघांचा सामाईक. जिन्यावरून भांडण होणार हे मला ठाऊक आहे. निदान भांडायला तरी मुलगी इकडे येत जाईल.

कलम २. शिलाई मशीन सूनबाईला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, त्यामुळे ती मशीन विकेल. खुशाल विकावी, फक्त माझ्या नणंदेला विकू नये. कात्री मागून नेलेली तिने अजून परत केलेली नाही.

कलम ३. बँकेतली ठेव मुलामुलीला सारखी वाटण्यात यावी. रक्कम बँक सांगेल. मुलाने आधीच विचारून ठेवली आहे.

कलम ४. मोबाइलवरचे फुटबॉलचे खाते. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी खुलासा: शनिवारी जे सामने असतील, त्यांतल्या खऱ्या खेळाडूंमधून अकरा जणांचा आपला संघ करायचा. प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि खर्चायला सगळे मिळून शंभर क्रेडिट. खरे पैसे नाहीत, नुसते आकडे. ते खेळाडू मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. संध्याकाळी ह्यांच्या क्लबातल्या फळ्यावर पहिल्या आलेल्याचे नाव लिहितात आणि तो माणूस पुढचा आठवडाभर मान ताठ ठेवून चहा पितो.

हे नेहमी दोन नामांकित खेळाडू घ्यायचे, त्यांच्यावर निम्मे क्रेडिट उधळायचे आणि बाकीच्या जागी मिळेल तो स्वस्त माल भरायचे. तो माल बहुधा बाकावर बसलेला असे. संघ म्हणजे बडा घर पोकळ वासा. ह्यांचे नाव फळ्यावर कधी लागले नाही.

एका शनिवारी ह्यांना ताप भरला. "तू नुसतं बोट लाव, नावं मी सांगतो," म्हणाले, आणि दोन नावं सांगून घोरू लागले. उरलेल्या नऊ जागा मी भरल्या. मला फुटबॉल कळत नव्हता, पण कापड घेण्यात हयात गेली होती. चांगला दिसणारा तागा स्वस्त असतो तो दोनच कारणांनी: एक तर माल खोटा असतो, नाहीतर दुकानदाराला त्याची किंमत कळलेली नसते. म्हणून मी पेपरचं खेळाचं पान पुढ्यात घेतलं आणि प्रत्येक नावाला विचारलं, बाबा, तू स्वस्त का? एक बचावपटू स्वस्त होता, कारण बचावपटू गोल करत नाहीत अशी समजूत. पण त्याच्या संघाचे कॉर्नर आणि फ्री किक, म्हणजे गोलाच्या हुकमी संधी, तोच मारत होता. एक गोलरक्षक स्वस्त होता, कारण त्याचा संघ दुबळा. पण दुबळ्या संघाच्या गोलरक्षकाला सारखे चेंडू अडवावे लागतात आणि अडवलेल्या चेंडूंचेही गुण असतात. एक जण राखीव म्हणून स्वस्त होता. त्याच्या जागेवर खेळणारा जायबंदी झाल्याचं पेपरात आलं होतं, किंमत ठरवणाऱ्यांनी मात्र पेपर वाचला नव्हता.

फळ्यावर ह्यांचं नाव लागलं. ताप उतरल्यावर हे क्लबात जाऊन आले ते हवेत तरंगतच.

"मंडळी फार खूश आहेत माझ्यावर."

"तुमच्यावर?"

"म्हणजे, आपल्यावर. पण त्यांना कशाला सांगायचं?"

नाही सांगितलं. त्यानंतरची सगळी वर्षं संघ मी केला आणि मान ह्यांनी ताठ ठेवली. मी शुक्रवारी जे समजावून सांगे ते हे शनिवारी क्लबात व्याख्यानासारखं झोडत, आणि तेही निम्मं चुकीचं. मला त्याचं फार दुःख झालं असं लिहिणं खोटं ठरेल. काहीच वाटलं नाही असं लिहिणं त्याहून खोटं ठरेल.

हे गेल्यावर काही आठवडे मी खात्याला हात लावला नाही. मग एका शनिवारी पेपरात वाचलं की एका संघाने आपल्या साध्या बचावपटूला आज पुढे, आक्रमणात खेळवायचं ठरवलंय. किंमत बचावपटूची आणि काम गोल करायचं! असा माल समोर पडलेला असताना हात आवरेना. त्या संध्याकाळी फळ्यावर पुन्हा ह्यांचं नाव लागलं. लिहिणाऱ्याने ते दोनदा पुसून पाहिलं म्हणतात.

माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, एके काळी शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होते. ते तडक घरी आले.

"वहिनी, दादाचं खातं कोणीतरी चोरलंय. पोलिसांत जाऊ या."

"चोरलेलं नाही. मी खेळले."

"तुम्ही?"

"आधीही मीच खेळत होते."

 भाऊजी अगदी मायेने म्हणाले, "वहिनी, दुःखात माणूस काहीही बोलतं."

आणि वर जाऊन त्यांनी मुलाला सांगितलं. मुलाने डॉक्टर आणले. डॉक्टरांनी वार विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी म्हटलं, शंभरातून वजाबाकी मी दर शनिवारी करते. तोच तो दाखला. लोखंडी कपाटात आहे.

डॉक्टरांची खात्री पटली तरी भाऊजींची पटेना. "क्लबात या आणि सगळ्यांसमोर संघ करा," म्हणाले. मी गेले. त्या क्लबात पडद्यांचं माप घ्यायला अनेकदा गेले होते, खुर्चीवर पहिल्यांदाच बसले.

"वहिनी, हा गोली? अहो, याचा संघ आज सडकून मार खाणार!"

"खाऊ देत की. तितके चेंडू येतील त्याच्याकडे."

मंडळी हसली. संध्याकाळी भाऊजी पहिले आले आणि मी दुसरी. टाळ्या वाजल्या, त्या भाऊजींना. "दादाची सर कोणाला नाही," असं कोणीतरी म्हणालं आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दारात उभे. आत येईनात.

"वहिनी, तुमचा गोली मीपण घेतला होता. मुदत संपता संपता, गुपचूप."

"पाहिलं मी. सगळ्यांचे संघ मोबाइलवर दिसतात, भाऊजी."

"मग तिथेच बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल, म्हणून थांबले."

ते क्लबात काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून दर शनिवारी माझ्याकडे येतात, आणि भाजीचा भाव विचारावा तसं विचारतात, "वहिनी, आज स्वस्त काय?" मी सांगते. ते ऐकून घेतात आणि तरीही दोन नामांकित खेळाडू घेतातच. घराण्याची खोड आहे.

सदर खाते नियमाप्रमाणे कोणाला देता येत नाही. माझ्यामागे ते बंद करण्यात यावे.

कलम ५. मोठा टीव्ही. कच्च्या मसुद्यात तो भाऊजींना दिला होता. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, तेव्हा काय ते एक ठरवा. मी म्हटलं, साक्षीदार दुसरा बघू. तर भाऊजीच म्हणाले, "टीव्ही राहू द्या, वहिनी. सही मी करतो." इतकी वर्षं त्या टीव्हीवर डोळा ठेवून असलेला माणूस नुसत्या सहीवर का राजी झाला, हे मला कळलेलं नाही. सबब टीव्ही मुलाला. शनिवारी भाऊजींना त्याच्यासमोरून कोणी उठवू नये.

कलम ६. माझा मृत्यू शनिवारी झाल्यास, नातेवाइकांना फोन करण्याआधी माझा संघ उघडून पाहावा. कोणी जायबंदी असल्यास बदलावा. रडायला नंतर वेळ आहे, संघ बदलायला नसतो.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहिले, वाचून पाहिले आणि दोन ठिकाणी खाडाखोड केली. तीही माझीच.

ठिकाण: राहते घर, खालची खोली
दिनांक: हंगामातला शेवटचा शनिवार, सकाळी

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

साक्षीदार दुसरे: धाकटे दीर (सही). सहीखाली त्यांच्या अक्षरात: "वरील सर्व मजकूर वहिनींनी माझ्यासमोर, कोणालाही न विचारता, स्वतः लिहिला आहे. दादाचे नाव फळ्यावर लागले तेव्हापासून त्याच्या नावावरचे संघही त्याच करत होत्या. दोन्हींचा मी साक्षीदार आहे."