बाबांचं बोलणं मलाच कळतं

चेल्टनहॅम, ३ ऑक्टोबर १८६६

पत्र आलं. चौकशी समितीची दोन माणसं बारा तारखेला घरीच येणार, बाबांची जबानी घ्यायला! मे महिन्यातल्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांना त्यांचा एक शब्द कळत नाही. मला कळतो. म्हणून पत्रात माझंही नाव – 'कन्येने अर्थ सांगावा.'

४ ऑक्टोबर

वर्तमानपत्रात बाबांची सगळी हयात सहा ओळींत. सोळाव्या वर्षी फौजेत, तीन लढाया, मांडीत गोळी, जनरल, मग सात वर्षं सेंट ऑरेल बेटाचे गव्हर्नर. रस्ते, इस्पितळ – संपलं. उरलेल्या ओळी तेवीस फाशांच्या. उसाच्या मळ्यांवरचे मजूर उठले होते. दंगा शमल्यावर चार दिवसांनी तेवीस जणांना लटकवलं. फाशा दिल्या कॅप्टन रूकनं. हुकूम कोणाचा? कागद नाही.

तेव्हा बेटावरच्या बंगल्यात मी जिन्यात उभी होते. रूक बाबांना भेटायला आला होता. "साहेब, आता गरज नाही," दोनदा म्हणाला. बाबा ओरडले – "सांगितलं तेवढं कर!"

आजवर हे कुठेही लिहिलं नव्हतं.

६ ऑक्टोबर

नेडचं पत्र. 'लेटी, बाबांच्या नावाला बट्टा लागला तर पलटणीत मला तोंड दाखवता येणार नाही. सांभाळ.'

सांभाळ! भाऊ लांब बसून सांगतो.

९ ऑक्टोबर

रूकची आई आली. डेव्हनहून, एकटी, हातात सफरचंदांची टोपली. आमच्या स्वयंपाकीणबाई हॅना दारातच आडव्या – "जनरलसाहेब कुणाला भेटत नाहीत!"

"त्यांना कोण भेटतंय? मला त्यांची लेक हवी."

बसली. चहाला हात लावला नाही. "माझ्या पोराला लोक खाटीक म्हणतात गं. घरी नुसता बसून असतो. बूटसुद्धा काढत नाही. तू तिथे होतीस ना? काही ऐकलंस?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं टोपली माझ्याकडे सरकवली. मग उठली. "सफरचंदं ठेवते. परत न्यायची ताकद नाही."

१२ ऑक्टोबर

आले. एक वकील, एक कारकून. बाबांनी गणवेशच हवा म्हणून हट्ट धरला. हॅनाबाईंनी आणि मी मिळून चढवला. गळपट्टीत चार बोटं मावत होती.

वकिलानं विचारलं, "जनरल, हुकूम तुमचा होता?"

बाबांनी डावा हात छातीवर आपटला. तोंड वाकडं झालं, लाळ गळली, पण मला लख्ख कळलं – "माझा. रूक नको म्हणाला. हुकूम माझा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय म्हणतात, मिस ट्रेगार्थ?"

"म्हणतात – काही आठवत नाही."

बाबांनी जोरात मान हलवली. पुन्हा तेच. आणखी मोठ्यानं. डोळ्यांत पाणी. वकील हळूच म्हणाला, "राहू द्या. त्यांना त्रास नको." कारकुनानं माझं वाक्य लिहून घेतलं.

१३ ऑक्टोबर

बाबा भिंतीकडे तोंड करून आहेत.

१५ ऑक्टोबर

माझ्या हातून चमचा घेत नाहीत. हॅनाबाईंच्या हातून घेतात.

"मिस लेटी, साहेब सारखं एकच काहीतरी म्हणतायत. काय म्हणतात हो?"

"पाणी," मी म्हटलं.

त्या पेला घेऊन गेल्या. बाबांनी तो उडवून दिला. बाई चादर पुसत राहिल्या. मी दारात. काय करू! आता खरं सांगितलं तर मी खोटी, नेड बुडाला. नाही सांगितलं तर –

२९ ऑक्टोबर

रूक बडतर्फ. त्याच्यावर खुनाचा खटला भरणार.

२ नोव्हेंबर

समितीनं कागद परत पाठवले. त्यात बाबांनी समितीला लिहिलेलं पत्र – त्यांच्या हातचं, ताठ अक्षरात, एप्रिलचं. झटक्याच्या आधीचं! 'हुकूम माझा होता. कॅप्टन रूक निर्दोष आहे. मला बोलवा.' ते लोक फक्त त्यांच्या तोंडून होकार घ्यायला आले होते.

वर लाल शाईत शेरा – 'कन्येच्या सांगण्यानुसार जनरलसाहेबांची स्मृती गेलेली आहे. पत्र ग्राह्य नाही.'