नदीला जाणारी पट्टी

मी सिद्धू सोनबा मारकड, वय तेवीस, शिक्षण तिसरी, मूळ राहणार कसबे तरघाट, तालुका इंदापूर, सध्या गुजरातेत अलंगला जुनी जहाजं तोडायच्या कामावर. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या अकलेनं लिहितो. रागात आहे, नशेत नाही. परवा शेजारचा गडी पत्र्याखाली गेला. माझंही सांगता येत नाही.

एक. भीमेकाठची, बापाच्या वाटणीतून माझ्या नावावर आलेली जमिनीची पट्टी माझ्यामागं बहीण नकोशी हिला. चुलता हिंदुराव याचा पट्टीवर काडीचा हक्क नाही.

का, तेही लिहितो. चीनच्या लढाईनंतर पलटण आली, आमच्या माळावर तंबू ठोकले. आजा म्हस्कू मेंढरं राखणारा. आपण दुसऱ्याच्या रानात चार दिवस मेंढरं बसवतो आणि उठतो, तसंच हे, असं त्याला वाटलं. "बसू द्या की, पाव्हणं हायती. चारा सरला की उठत्याल," म्हणाला. नारळ फोडला, अंगठा दिला. कुणी उठलं नाही. तंबूच्या भिंती झाल्या, भिंतीपुढं तार आली. घाटावरचा बाजार फाटकापुढं गेला, होडीवाले साबण-तंबाखू विकायला बसले. आता एस.टी.चा कंडक्टरही तरघाट म्हणत नाही. "कॅम्पवाले, उतरा!"

नदीला जायला तेवढी पट्टी उरली. गावाची मेंढरं, म्हशी, मयतसुद्धा तिथूनच जातं. हिंदुराव छावणीला मटण पुरवतो. छावणीच्या गाडीरस्त्यासाठी त्याला ही पट्टी विकायला लावायची आहे. दिवाळीत घरी येऊन म्हणाला, "सिद्ध्या, तू तिकडं लोखंड कापतूस, तुला नदी कशाला? अन् पोरीच्या जातीला जमीन झेपती व्हय?"

नकोशी भाकरी थापत होती. "तात्या, आज्याची मेंढरं तुमी इकली तवा तुमाला झेपलं का, इचारलं व्हतं कुणी?"

तात्या ताटावरून उठला.

दोन. घराचे दोन खण आणि आज्याची लोकर कातरायची कातर नकोशीलाच. हिंदुरावानं माझ्या मयताला खांदा देऊ नये.

तीन. पट्टी विकू नये, गहाण टाकू नये. कुणी तार लावली तर कापावी. फाटकावरच्या शिपायांशी भांडू नये. तीही पोरं घर सोडून आलेली, हुकमाची. तहानेली असली तर पाणी द्यावं. हिंदुराव नदीवर निघाला तर त्यालाही अडवू नये. पण पायी. गाडी नाही.

वाचून घेतलं, बरोबर आहे.

सही: सिद्धू सोनबा मारकड
साक्षीदार: दत्तोबा रामू काळेल, रा. सणसर, रविराज भिवा देवकाते, रा. डाळज (दोघंही माझ्याच कामावर)
ठिकाण: अलंग. तारीख ९ मार्च १९९६