नोकरीत नसलेली हत्तीण

अप्पा, तुम्हाला लिहायचं म्हणून कागद आणून ठेवले त्याला किती दिवस झाले ते विचारू नका. आधी पेन सापडेना. सापडलं तेव्हा समोरच्या घरावर केबलची छत्री चढवत होते, ती बघत बसलो. मग कुणीतरी म्हणालं कालव्याला पाणी सोडलंय, तर सायकल काढून तिकडे. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत जायचो; आता शाळा कधीच सुटली, दाढी राखून झाली आणि काढूनही झाली. घरात देवनागरी लिहिणारा तुमच्यामागे मीच उरलो. तुमच्या थोरल्याची, अण्णाची मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. हा कागद तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, उघडा राहिला तरी कोणी वाचायचं नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

उद्या पहाटे माझी व्हॅन मुदुमलैच्या रानाला निघायची आहे. व्हॅन भाड्याची, पण खटपट माझी. आपल्या गल्लीतली माणसं न्यायची, रानातले हत्ती आणि पाखरं दाखवायची, दहीभात वाढायचा, सुखरूप परत आणायचं. ही दुसरी खेप. ती निघाली नाही तर सोमवारपासून अण्णाच्या नव्या एसटीडी बूथवर बसायचं ठरलंय. "बसून काम आहे, पंखा आहे," अण्णा म्हणतो, "आणखी काय पायजे तुला?" बसून काम आहे हेच तर नको आहे, पण ते त्याला कसं सांगायचं? आणि आज संध्याकाळपर्यंत एकाही घरानं येतो म्हटलेलं नाही.

हे वेड तुमचंच. तिरुवैयारूच्या रस्त्यावर मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात, भाताच्या खाचरांतले करकोचे दाखवायला. मी गणितात नापास झालो त्या दिवशीही नेलंत. घरी सगळ्यांसमोर रागावलात, कान धरलात, आणि मग बांधावर उकिडवे बसून म्हणालात, "तो बघ, त्याची चोच जन्मात नीट मिटत नाही, मधे फट राहतेच. पण चिखलातल्या गोगलगाई खातो तो त्याच चोचीनं." कनवटीचे भाजलेले शेंगदाणे मला दिलेत आणि आपण उन्हं उतरेपर्यंत बसलो.

पहिल्या खेपेला आत्याही होती, तुमची थोरली बहीण. सकाळची वेळ. रानातल्या मसिनगुडीच्या रस्त्यावर ड्रायव्हर इंजिन बंद करतो. बांबूच्या बेटातून एक हत्तीण बाहेर आलीय, पोटाशी पिल्लू. तेवढ्यात व्हॅनच्या टपावरून सुपात तांदूळ पाखडावे तसा पंखांचा आवाज जातो. धनेश पक्षी. मी मान वर करून सगळ्यांना त्याची चोच दाखवतोय, आणि व्हॅनचं दार सरकतं. बघतो तर आत्या खाली. चपला व्हॅनमध्येच काढलेल्या, पदर कमरेला खोचलेला, हातात केळं, आणि डोकं वाकवून उभी. शुक्रवारी मोठ्या देवळात हत्तिणीपुढे आशीर्वादाला उभी राहते ना, तशीच. आपल्या गावात हत्तीला भितं कोण? सोंड डोक्यावर टेकली की पुढे चालू लागायचं, एवढंच आपल्याला ठाऊक.

ड्रायव्हर "मुरुगा, मुरुगा" पुटपुटत होता. मी ओरडलो नाही. हत्तिणीनं कान पसरले होते. मी उतरलो, आत्याला मागून दोन्ही खांद्यांना धरलं आणि तोंड हत्तिणीकडेच ठेवून तिला हळूहळू मागे आणत गेलो. केळं पडलं. हत्तीण धावून आली, धुरळा नाकात गेला, आणि ती थांबली. माती उडवली, पिल्लाला वळवून घेतलं, गेली. अप्पा, तेवढा वेळ माझं लक्ष दुसरीकडे कुठेच गेलं नाही. असं जन्मात कधी झालेलं नव्हतं. मग आत्याला आत बसवलं आणि दार ओढून घेतलं.

आत्या मात्र फुरंगटलेली. "आशीर्वाद दिला नाही रे हिनं."

"नाही दिला."

"आपल्या देवळातली देते की. केळं नसलं तरी देते."

"आत्या, ती नोकरीत आहे. ही नाही."

व्हॅनमध्ये निम्मे सरकारी नोकर, निम्मे पेन्शनवाले. उटीचा घाट चढेपर्यंत हसत होते.

गल्लीत पोचेपर्यंत मात्र हत्तिणीनं आत्याला उचलून आपटल्याची बातमी झाली. आत्याचा थोरला, बँकेतला, तिण्णैसमोर उभा राहून म्हणाला, "माझ्या आईला हत्तीपुढे उभी केलीस. आता दुसऱ्या कुणाच्या आईला करू देत नाही." तो नाही म्हणाला की गल्ली नाही म्हणते, लोक टीव्हीसुद्धा त्याला विचारून घेतात. त्याच्या जागी मीही तेच बोललो असतो. पण एका केळ्यापायी रानच सोडायचं, हे मला पटत नाही. आता व्हॅनच्या दाराला बाहेरून कडी बसवलीय, आणि निघण्याआधी सगळ्यांना बसवून सांगणार आहे की तिथला हत्ती आपल्या ओळखीचा नाही. हे काम मला येतं, अप्पा. एवढं छातीवर हात ठेवून मी दुसऱ्या कशाबद्दल म्हणू शकत नाही.

इथवर लिहिलं आणि बाहेर स्कूटर थांबली. खिडकीतून बघतो तर आत्याचा थोरला. पायात कोरे कॅनव्हासचे बूट, मागे बायको, मुलगी, आणि त्यांच्या पाठोपाठ शेजारच्या दोन घरांतली माणसं, उद्याचं विचारायला आल्यासारखी.

"आई जेवताना रोज तेच सांगते रे," तो माझ्याकडे न बघता म्हणतो. "ती म्हणते तू होतास म्हणून वाचले. ते राहू दे. कुठल्या बाजूला बसलं म्हणजे हत्ती दिसतात, ते सांग."

सगळे उत्तराला थांबलेत, आणि अप्पा, खरं म्हणजे मलाच ते माहीत नाही.